पुढे देण्याचा हक्क

'मला मान्य आहे' हे बटण आपण सगळेच न वाचता दाबतो, यात आता नवीन काही नाही. पण अ‍ॅप लिहिणाऱ्यालाही तसंच एक बटण दाबावं लागतं. त्यामागचा अ‍ॅपलचा करार बाहेरच्या जगाला वाचायला मिळाला तो 2010 साली, आणि तोही गमतीदार वाटेने. नासाने आयफोनसाठी एक अ‍ॅप काढलं होतं. नासा पडलं सरकारी खातं, त्याला अमेरिकेचा माहिती अधिकार लागू. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने अर्ज केला, करार मिळवला आणि सगळ्यांसमोर ठेवला. या कराराविषयी परवानगीशिवाय जाहीर बोलायचं नाही, अ‍ॅप कधीही काढून टाकलं जाऊ शकतं, आणि डेव्हलपरचं कितीही नुकसान झालं तरी कंपनीची जबाबदारी फार तर 50 डॉलर, असं त्यात होतं.

50 डॉलरचं कलम वाचून हसू येतं. मला त्रास देते ती मात्र वेगळीच अट, आणि तिची गोष्ट तुमच्या ओळखीच्या एका अ‍ॅपची आहे.

व्हीएलसी. नारिंगी कोनवालं. कॉलेजात पेन ड्राइव्हवरून आलेला कुठलाही सिनेमा निमूटपणे चालवणारं. 1996 साली पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांनी सुरू केलेला हा प्रकल्प 2001 पासून जीपीएल या लायसन्सखाली आहे. जीपीएलचं म्हणणं थोडक्यात असं: हे सॉफ्टवेअर घ्या, उघडून बघा, बदला, वाटा, हवं तर विका. फक्त तुम्हाला जे हक्क मिळाले ते पुढच्यालाही तसेच मिळाले पाहिजेत. मध्ये आपल्या पदरच्या जास्तीच्या अटी घालायच्या नाहीत.

2010 च्या सप्टेंबरात एका फ्रेंच कंपनीने व्हीएलसी आयपॅडवर आणलं. फुकट. लोक खूश. पण अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेली प्रत ठराविक उपकरणांवर, वैयक्तिक वापरापुरती असते. मित्राला काढून देता येत नाही. म्हणजे जास्तीच्या अटी आल्याच. व्हीएलसीच्या मुख्य डेव्हलपरपैकी एक, रेमी दनी-कुरमाँ, यांनी आपल्या कॉपीराइटचा भंग होतोय अशी तक्रार केली, आणि जानेवारी 2011 मध्ये अ‍ॅप स्टोअरमधून गेलं. आदल्याच वर्षी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या तक्रारीनंतर 'जीएनयू गो' हा खेळ असाच गेला होता. दोन्ही वेळा कंपनीने अट बदलली नाही, अ‍ॅप काढलं.

रेमी तेव्हा नोकियात नोकरीला होते, त्यामुळे कुजबुज व्हायची ती झाली. ती बाजूला ठेवू. स्वतः लिहिलेला कोड कोणत्या अटींवर वाटला जावा हे सांगायचा हक्क त्यांना होता, एवढं मला पुरेसं आहे.

मी यात इतका रस का घेतो? कारण माझंही एक छोटं अ‍ॅप आहे. मराठी शब्दकोड्यांचं. जीपीएलखाली, अँड्रॉइडवर, एफ-ड्रॉइडमधून कुणालाही घेता येणारं.

मराठी शब्दकोडं दिसायला सोपं, पण कंप्युटरला समजावणं कठीण. 'पुस्तक' हा शब्द तुमच्या-माझ्यासाठी तीन घरांचा: पु, स्त, क. युनिकोडच्या हिशेबात तो सहा तुकड्यांचा. 'स्त्री' एका घरात बसते आणि तिचेही तुकडे सहाच. वर 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांत तुम्हाला स्वयंपाकी आणि विद्वान वेगळे दिसतात, यंत्राला ते वेगळे दाखवावे लागतात. त्यात तो ऱ्य दोन निरनिराळ्या पद्धतींनी टाइप होतो. हे सगळं नीट घरांत पाडणारा भाग मी लिहिलेला नाही. सांगलीच्या एका माणसाने लिहून पाठवला. आम्ही कधी भेटलो नाही. मी चूक शोधली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती हजर, असं दीड वर्ष चाललं.

माझ्या आत्याला सकाळच्या चहासोबत कोडं लागतं. मुलाने तिला त्याचा जुना आयफोन दिला, तेव्हापासून तिचा प्रश्न एकच. "अरे, माझ्या फोनवर कधी येणार ते?"

आयफोनवर आणण्यात तांत्रिक अडचण फार नाही. वर्षाला 99 डॉलर भरायचे. जड आहेत, पण भरता येतील. अडचण मालकीची आहे. जीपीएलच्या प्रकल्पात ज्याने जो तुकडा लिहिला त्याचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो. सगळा कोड माझा असता तर मी तो एकीकडे जीपीएलखाली आणि दुसरीकडे स्टोअरच्या अटींवर दिला असता. सिग्नलसारखे प्रकल्प कोड पाठवणाऱ्यांकडून आधीच तसा करार लिहून घेतात. माझ्या अ‍ॅपमध्ये माझ्याखेरीज आणखी पाच जणांचा कोड आहे. चौघांनी "हो, टाका" म्हणून कळवलं. सांगलीहून उत्तर आलं ते असं:

"राग मानू नका, पण नाही. माझ्याकडून जो घेईल त्याला ते पुढे देता आलं पाहिजे. तेवढ्याचसाठी लिहिलं होतं."

मला सांगणारे पुष्कळ भेटले की टाकून दे, कोण बघतंय. खोटं नाही. वर्डप्रेसचं अ‍ॅप जीपीएलखाली असून आयफोनवर वर्षानुवर्षं आहे. कुणी तक्रार करत नाही तोवर हे चालतं. पण इथे तक्रार करू शकणारा माणूस मला स्पष्ट नाही म्हणाला आहे. त्याने कोर्टात जाणं तर सोडाच, साधी मेलसुद्धा केली नसती. म्हणूनच ते करवत नाही.

व्हीएलसीवाल्यांनी यातून जी वाट काढली ती वाचताना दमायला होतं. त्यांनी जुन्या-नव्या शंभराहून अधिक जणांना गाठून संमती मिळवली आणि आधी गाभा, मग बहुतेक बाकीचे भाग एलजीपीएल या सैल लायसन्सखाली आणले. जिथे जमलं नाही तिथे कोड नव्याने लिहिला. जुलै 2013 मध्ये व्हीएलसी आयफोनवर परतलं. तोवर अडीच वर्षं गेली होती. एवढ्या काळात स्टोअरने काय केलं? काहीच नाही. त्याला काही करावंच लागलं नाही. सगळी धावपळ फुकट कोड देणाऱ्यांनीच केली. आपल्या अटी सैल कराव्या लागल्या त्याही त्यांनाच.

सांगलीच्या गृहस्थांना मी पुन्हा विचारलेलं नाही. घरं पाडणारा भाग मी स्वतः नव्याने लिहायला घेतलाय, त्यांचा कोड न उघडता, आणि हे त्यांना कळवून. त्यांचं उत्तर आलं, "उत्तम. अडलात तर विचारा." विचारायचा मोह रोज होतो. कारण ऱ्य अजून फुटतोय, आणि आत्याच्या फोनवर चाचणीसाठी टाकलेल्या प्रतीत परवा 'दुसऱ्या'ची चार घरं पडली.