शहागंजात वायर घेताना

फुलंब्री-सिल्लोडकडचा माणूस कामासाठी छत्रपती संभाजीनगरला आला, की शहागंजात एक फेरी होतेच. निजामाच्या काळातला घड्याळाचा मनोरा लांबूनच दिसतो. जवळ १८ व्या शतकातली जुनी मशीद, आणि भोवती कापड, फळे, भांडी यांची गर्दी. सराफ्यावरून पुढे गेले की सिटी चौक आणि गुलमंडी. नाथषष्ठी जवळ आली, की याच बाजारात पैठणला जाणाऱ्या दिंड्यांची खरेदी चालते. ताडपत्री, दोर, पातेली आणि शेवटी वायर.

फाल्गुन वद्य षष्ठीच्या त्या गर्दीत ट्रक किंवा टेम्पो हेच दोन-तीन दिवसांचे घर. तिथे दिवे लागतात, पंखा लागतो, फोन चार्ज करायचे असतात, कोणी पाणी तापवायचा हीटरही आणतो. जवळच्या घरातून वीज घेतली जाते. मग पुष्कळजण "स्वस्तातली, पण लांब" वायर मागतात. गोम इथेच आहे.

या शहराने हे गणित पाण्यात पाहिले आहे. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने हर्सूलच्या बाजूचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. नळी जितकी लांब आणि अरुंद, तितका पाण्याचा जोर कमी. विजेचेही तसेच आहे.

तीस मीटरवर १ एमएमच्या तांब्याच्या वायरीने २००० वॅटचा हीटर लावला, तर वाटेतच सुमारे १० व्होल्ट गळतात. जवळजवळ १०० वॅटच्या बल्बाइतकी उष्णता वायरीतच मुरते. उरलेली वायर वेटोळे करून ठेवली, तर ती उष्णता एका जागी साठते आणि आवरण वितळते. म्हणून वायर वापरताना पूर्ण उलगडावी. एलईडी दिवे आणि फोन यांना १ एमएम पुरते. हीटर लावायचा असेल तर अडीच एमएम आणि १६ अँपिअरचा प्लग घ्यावा.

याहून मोठी गोष्ट तिसऱ्या पदराची. गाडीचे टायर रबराचे. सोललेली वायर पत्र्याला लागली, तर सगळी गाडी करंट धरते, पण तो जमिनीत उतरत नाही. ओल्या जमिनीवर उभे राहून फाळका धरणारी बाई किंवा लेकरू हीच मग त्याची वाट होते. दोन पदरी वायर असेल तर दुसरा मार्गच नसतो. तीन पदरी घ्यावी आणि तिसरी हिरवी तार गाडीच्या चासीला नटबोल्टने पक्की जोडून घ्यावी. वीज देणाऱ्या घराच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंग खरे आहे ना, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर करंट गळताच वीज तुटते.

दुकानात वायरीवर आयएसआय चिन्ह आणि एमएमचा आकडा छापलेला पाहावा. मधे जोड असलेली वायर घेऊ नये. चिकटपट्टीचा जोड पहिल्या पावसातच दगा देतो. दिंडीत माणसे चाळीस असतात, वायर एकच. तिच्यात काटकसर करू नये.