भाच्याच्या गाडीतला काटा

भोकरदन,
कोजागरीनंतरचा सोमवार

चि. भाचेबुवा,


तुझं पत्र पोचलं. लिनिया टी-जेट घेतलीस, तीही जुनी, आणि तिच्यावरचा पहिला खर्च म्हणजे बूस्ट गेज, टर्बोचा दाब दाखवणारा काटा. पत्राआधीच तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता. ‘गाडी चालतीय ना नीट, मग आणखी एक घड्याळ कशाला लावतोय हा,’ असं तिचं म्हणणं. तिला म्हटलं, लावू दे. तुला मात्र ते कशासाठी लावायचं आणि कशासाठी नाही हे लिहूनच कळवतो, म्हणजे दिवाळीत इथे आल्यावर बॉनेट उघडं टाकून वाद घालत बसायला नको.

गाडी चांगली निवडलीस. रांजणगावच्या कारखान्यातली. ती २०१० साली आली तेव्हा टर्बो म्हणजे डिझेलच, असं आपल्याकडे लोक धरून चालत. त्याच्याही आधीपासून तसंच होतं: शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला. त्या काळात मी जालना रोडवरच्या एका वर्कशॉपात होतो, तिथे येणाऱ्या टर्बो गाड्या बहुतेक डिझेलच्याच. तुझ्या गाडीत चौदाशे सीसीचं पेट्रोल इंजिन, ११४ पीएस, आणि २०७ न्यूटन-मीटरचा टॉर्क २२०० आरपीएमलाच हाताशी येतो. एवढी ओढ साध्या इंजिनातून काढायची तर ते बरंच मोठं करावं लागलं असतं. धुराबरोबर वाया जाणाऱ्या जोरावर पंखा फिरवून हवा दाबायची ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं. हे तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, म्हणून पुढे जातो.

आधी एक गोष्ट ध्यानात घे. मॅनिफोल्डमध्ये दाब किती आहे हे तुझ्या गाडीला माहीतच आहे. तिथे सेन्सर बसलेला असतो, तो दर क्षणी ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, आकडा कळवतो, आणि त्यावर पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची हे ठरतं. फक्त तुला सांगत नाहीत. कंपनीचा हिशेब साधा आहे: गिऱ्हाइकाला हलणारा काटा दाखवला की तो काल एवढा होता, आज एवढा का, म्हणून सर्व्हिस सेंटरला येऊन बसतो.

रेल्वेत असं नव्हतं. जालन्यावरून जाणाऱ्या गाड्यांना ती जुनी अल्को डिझेल इंजिनं असायची, डब्ल्यूडीएम-२ म्हणतात ती, सोळा सिलिंडर आणि २६०० हॉर्सपॉवर. त्यांच्या कॅबमध्ये ऑइलच्या दाबाच्या जोडीला बूस्टर एअर प्रेशरचाही काटा असे. ड्रायव्हरने पूर्ण नॉच दिला आणि तो काटा नेहमीच्या जागी चढला नाही, तर इंजिनाच्या श्वासात कुठेतरी खोट आहे हे शेडमध्ये पोचायच्या आधीच त्याला कळायचं. तिथे तो काटा शोभेला नव्हता. तुझ्या गाडीतही तो याच कामाला हवा.

नमुना सांगतो. गेल्या हंगामात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मिरची वाहणारा एक पिकअप माझ्याकडे आला. रिकामा असला की ठीक, पण माल भरला की चढाला दम टाकायचा आणि मागे काळा धूर. एका ठिकाणी त्या पोराला सांगितलेलं, टर्बो गेला, नवा टाका. गाडी हप्त्यावरची, त्याचं तोंड उतरलेलं. माझ्या कपाटात एक साधं मेकॅनिकल गेज लांब नळीसकट पडून असतं. तीन तोंडांचा टी लावून नळी खिडकीतून आत घेतली, गेज त्याच्या मांडीवर दिलं आणि भरल्या गाडीनिशी राजूरच्या रस्त्याला लागलो. डिझेलला पेट्रोलसारखी थ्रॉटलची झडप हवा अडवत नाही, त्यामुळे आयडलिंगला काटा शून्यावरच. चालताना तो झपकन उठला, अर्ध्या बारच्या आसपास गेला आणि तिथे लटपटायला लागला. पाय आणखी दाबला तर वर जायच्या ऐवजी खाली आला. टर्बो खरंच गेला असता तर काटा असा झपकन उठलाच नसता. हा उठत होता आणि मग सुटत होता. म्हणजे हवा तयार होत होती, पण वाटेत पळत होती.

परत येऊन इंटरकूलरचा होज काढला. वरून कोरा करकरीत. क्लॅम्पच्या अलीकडे, खालच्या अंगाला नखाएवढी चीर. वाकवला की तोंड उघडायची, सोडला की मिटायची. म्हणून नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला दिसली नव्हती. होज बदलला, काटा एक बारच्या पुढे जाऊन स्थिर उभा राहिला, धूर बंद. नव्या टर्बोच्या पैशात होजांचं पोतं आलं असतं.

आता कशासाठी नाही ते. आकडा वाढवण्यासाठी नाही. तुझ्या पत्रात शेवटी ‘पुढे मागे बूस्ट थोडा वाढवता येईल’ असं जे हळूच लिहिलंयस, ते मी वाचलंय. काटा दाब दाखवतो, हवा किती गेली हे दाखवत नाही. मॅनिफोल्डमध्ये दाब उभा राहतो तो टर्बो ढकलतोय तेवढी हवा इंजिनाला गिळता येत नाही म्हणून. त्याच इंजिनाची वाट मोकळी केली, समज हेडची पोर्टं नीट घासून घेतली, तर तेवढीच हवा कमी दाबात आत जाते. काटा खाली येतो आणि ताकद मात्र कमी होत नाही. उलट टर्बोचा दाब आवरणारं वेस्टगेट अडवून काटा वर चढवला तर बरीचशी वाढ उष्णतेची होते, इंजिन नॉक करायला लागतं, आणि ईसीयू ठिणगी मागे घेऊन तू वाढवलेलं काढून घेतो. त्यातूनही जो हट्ट धरतो त्याचे पिस्टन मी पाहिलेत, कड्या बसतात तिथून तुकडा गेलेले. तेव्हा वेस्टगेटच्या नळीला हात लावायचा नाही. गेज लावायचं तर या अटीवर.

आणि गेजच्या आधी ऑइल बदल. मागच्या मालकाने कधी बदललं हे सांगणारा कागद नसेल तर बदललं नाही असंच समज. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. माझ्याकडे मेलेले टर्बो येतात त्यातले बहुतेक घाण ऑइलने किंवा तहानेने मेलेले असतात. हाणून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेव, मग चावी काढ. यातलं काहीच काटा सांगत नाही.

गेज कुठलं घ्यायचं ते विचारलंस. दोन जाती. मेकॅनिकल गेजच्या पोटात वाकवलेली चपटी पितळी नळी असते. दाब आला की ती जत्रेत पोरं फुंकतात त्या गुंडाळीच्या पिपाणीसारखी उलगडू बघते, आणि तेवढ्या हालचालीवर दाते लावून काटा फिरवतात. बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये हे काढलं आणि आजही बॉयलरवर, गॅसच्या सिलिंडरवर तेच चालतं. माझा जीव त्याच्यावर, कारण त्याला वीज लागत नाही आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. पण तुझ्या गाडीला ते नको. त्यासाठी मॅनिफोल्डची नळी थेट केबिनमध्ये आणावी लागते, म्हणजे पेट्रोलचा वास असलेली हवा तुझ्या गुडघ्यापाशी, आणि आपल्याकडचे उन्हाळे ती नळी किती दिवस मऊ ठेवतील सांगता येत नाही. इलेक्ट्रॉनिक घे. त्याचा सेन्सर बॉनेटखालीच राहतो, आत येते ती फक्त वायर. शून्याच्या खालचा दाबही दाखवणारं घे. नुसतं बूस्ट दाखवणारं पेट्रोल गाडीला अर्धवट.

त्याआधी एक स्वस्तातला उपाय करून बघ. ओबीडीचा डोंगल स्टिअरिंगखाली खोच आणि फोनवर मॅनिफोल्डचा दाब वाच. तो किलोपास्कलमध्ये आणि बाहेरची हवा धरून येतो, तेव्हा इंजिन चालू करायच्या आधीचा आकडा त्यातून वजा कर, उरेल तो बूस्ट. फोन जरा मागे रेंगाळतो, पण गेज बसवल्यावर दोघांचं जमतंय का हे ताडायला उपयोगी पडेल.

बसवण्यात खरी जोखीम एकाच ठिकाणी आहे, टी कुठे मारतोस तिथे. थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनाच्या अंगाला, मॅनिफोल्डवरून निघणारी बारीक नळी शोधायची. थ्रॉटलच्या अलीकडे इंटरकूलरच्या पाइपावर घेतलीस तर बूस्ट दिसेल, व्हॅक्यूम दिसणार नाही. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या जाड नळीला तर बोटही लावायचं नाही. तिच्यात एकाच बाजूने उघडणारी झडप असते, तिच्या पलीकडे काटा अडकून खोटंच दाखवत राहील. आणि खोटं दाखवलं तर एकवेळ चालेल, ब्रेक गेले तर चालणार नाही. टी पितळेचा. बॉक्समध्ये येतो तो प्लॅस्टिकचा टी इंजिनाच्या तापाने दोन उन्हाळ्यांत तडकतो, मग आयडलिंग वर-खाली व्हायला लागतं आणि माणूस प्लग बदलत बसतो. तिन्ही तोंडांना क्लॅम्प. तार पिळून बांधणारे आमच्याकडेही आहेत, त्यांच्या गाड्या परत येतात.

वायर आत न्यायला पत्र्याला नवीन भोक पाडायचं नाही. मूळ वायरिंग जातं तिथे रबरी ग्रोमेट असतं, त्यातूनच कडेने सरकवायची. आत शिरण्याआधी तिला खाली झोल दे, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून टपकतं, वायर धरून पायाखाली येत नाही. बाकी विजेचं काम तासाभराचं: लाल इग्निशननंतरच्या फ्यूजवरून, वाटेत स्वतःचा छोटा फ्यूज, काळी बॉडीला, आणि रात्री उजेड मंद होण्यासाठी तिसरी हेडलाइटच्या स्विचवर.

काचेच्या खांबावर गेज लावायची पोरांना भारी हौस. मला पटत नाही. उजवीकडून येणारा बैलगाडीवाला नेमका त्याच खांबाआड लपतो, आणि रात्री काटा सारखा डोळ्यात येतो. स्टिअरिंगच्या बाजूला, खाली लावू. बघायचं ठरवलं तर दिसेल, न ठरवता खुणावणार नाही.

चालू केल्यावर गरम इंजिनात आयडलिंगला काटा उणे ०.६ बारच्या आसपास यायला हवा आणि तिथे स्थिर राहायला हवा. बाकीचे आकडे पुस्तकातून घेऊ नकोस, तुझ्या गाडीचे तू वहीत लिही: कुठला गिअर, किती आरपीएम, माणसं किती, काटा कुठे. सपाटीवर शंभराच्या वेगाने जाताना तो शून्याच्या खालीच राहतो हे बघून तुला वाईट वाटेल. म्हणजे पैसे मोजून घेतलेला टर्बो बहुतेक वेळ नुसता फिरतोय! म्हणून समृद्धी महामार्गावर त्याची परीक्षा होत नाही. आपण फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढू, तिसऱ्या गिअरवर, गर्दी नसेल तेव्हा. राजूरचा रस्ता नको, चतुर्थी असली की तिथे पायी माणसं असतात.

घाटमाथ्याचे आणि कोकणातले आकडे एकमेकांशी ताडू नकोस. पुणे आणि भोकरदन उंचीला जवळपास सारखेच, इथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा ०.०७ बारने कमी, महाबळेश्वरला ०.१५ ने. काही गाड्यांचा ईसीयू ही तूट भरून काढायला टर्बोला जास्त राबवतो, मग काटा वर गेलेला दिसतो आणि ताकद तेवढीच. गाडी बिघडली नाही, हवा विरळ आहे.

गेज माझ्याच पत्त्यावर मागव. कुरियरवाला ‘हे भोकरदन नक्की कुठे’ म्हणून दोनदा विचारेल. १९७३ च्या उत्खननात इथे पाँपेईला मिळाली तशीच हस्तिदंती बाई निघाली. त्या बाईच्या काळात गावाचं नाव भोगवर्धन होतं आणि माल इथून बाहेर जायचा. आता येतो, एवढाच फरक.

येताना चार मिलिमीटरचा सिलिकॉनचा होज मीटरभर, पितळी टी आणि छोटे क्लॅम्प सहा-सात आण. पुण्यात चांगले मिळतात. पान्हे, टेस्ट लॅम्प माझ्याकडे आहेत. वहीही नवी आण, फोनमध्ये लिहिलेलं मला वाचता येत नाही. आणि ताईला हिरवी मिरची किती किलो हवी ते विचारून ये, डिकी रिकामी ठेव.

तुझा,
मामा