डबल बेल

तर झालं असं, की आई-बाबांच्या लग्नाला 30 वर्षं झाली म्हणून मी मुंबई–गोवा क्रूझची तीन तिकिटं काढून टाकली. आमचं गाव मंगरूळपीर. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे कारंज्याजवळचं अडाण धरण. आईने समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. त्यामुळे फोनवर सांगितल्यावर पहिला अर्धा तास ‘कायले एवढा खर्च’ यातच गेला. मग बाबांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला, “मुंबईले कधी पोचायचं?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. एक्सेल शीटच होती म्हणा ना. बोट शनिवारी संध्याकाळी 5 ला, चेक-इन 3 ला बंद. शनिवारी पहाटे 3 ला घरून निघायचं, शेलूबाजारला समृद्धीवर चढायचं, नागपूरहून सकाळचं विमान, 10 पर्यंत मुंबई. एअरपोर्टवरून मेट्रो 3 ने थेट सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. 12 ला आपण गेटवर. तीन तासांचा बफर! हॉटेलचा खर्च नाही, माझी शुक्रवारची सुट्टीही वाचते.

“इमान उडालं नाही तं?”

“दुसरं असतं ना बाबा.”

“अन् बोट? बोट दुसरी असते का?”

बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी लग्नाला अक्षतांच्या दोन तास आधी पोचतात, बँकेत शटर उघडायच्या आधी उभे असतात. घरात आम्ही यावर भरपूर हसतो. त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. म्हटलं, स्वभाव आहे.

पण रात्री झोप येईना. ऑफिसात दुसऱ्यांच्या एस्टिमेटमध्ये भोकं काढायचा पगार घेतो, म्हटलं एकदा स्वतःचंही तपासू. माझ्या प्लॅनमध्ये एकामागून एक तीन कड्या होत्या : गाडी, विमान, मुंबईतला प्रवास. समजा प्रत्येक कडी 100 पैकी 95 वेळा वेळेवर चालते. ऐकायला झकास. पण तिन्ही एकदम जमायला हव्यात, म्हणजे 0.95 चा तीनदा गुणाकार. उत्तर येतं साधारण 0.86. म्हणजे सातातून एकदा आम्ही तिघं बॅगा घेऊन धक्क्यावर, आणि बोट समोरून निघालेली. त्यात हिवाळा. दिल्लीत धुकं पडलं की तिकडून येणारं विमान अडकतं आणि ऊन खात बसलेल्या नागपूरकराचाही खोळंबा होतो. 2025 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली होती. तेव्हा ‘दुसरं असतं ना’ म्हणणाऱ्यांचे चेहरे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

मग लक्षात आलं की मी चुकीची गोष्ट मोजत होतो. शिल्लक तास मोजायचेच नसतात. मोजायचं हे, की ठरवलेली गाडी पूर्ण बोंबलली तर त्याहून हळू साधनाने आपण पोचतो का? सकाळी 7 ला नागपूरला विमान रद्द झालं, तर समृद्धीचे 701 किलोमीटर कापून आमण्याला पोचेपर्यंतच 3 वाजतात. आणि पुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक! बोट गेलीच. तेच परदेशातून क्रूझ पकडायची असेल तर उद्याचं विमान तरी पोचवेल का, हे बघायचं. रोज विमान असेल तर एक दिवस आधी, एक दिवसाआड असेल तर दोन. आणि वेगवेगळी काढलेली तिकिटं असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्याचं काही देणंघेणं नसतं.

गंमत म्हणजे एके काळी हे गणित प्रवाशाला करावंच लागत नसे. बॅलार्ड पिअरला मोल नावाचं स्टेशन होतं. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या मोसमात तिथूनच सुटायची. बोटीतून उतरा, आगगाडीत बसा. पण ती सोय कोणासाठी होती हे सांगायला नको. मंगरूळपीरच्या माणसाचा बफर तेव्हाही त्याच्याच खिशातून जायचा, आताही जातो. माझ्या पुण्याच्या पहिल्या इंटरव्ह्यूला आम्ही आदल्या दिवशी येऊन एका नातेवाइकांच्या हॉलमध्ये झोपलो होतो. इंटरव्ह्यू 20 मिनिटांचा, सुट्टी बाबांची तीन दिवसांची.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितलं, तुमचं बरोबर होतं. बाबा खूश होतील असं वाटलं होतं. ते जरा गप्प राहिले आणि मग त्यांनी कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीची. सकाळची अकोला गाडी. वेळ झाली, बाबांनी डबल बेल दिली. गाडी स्टँडबाहेर पडताना मागच्या काचेतून दिसलं, एक पोरगा पळत येतोय. हातात पॅड अन् कंपासपेटी. परीक्षा होती त्याची. बाबांनी दोरीला हात घातला, पण ओढली नाही. आधीच पाच मिनिटं लेट झाला होता.

“तो लेट नव्हता रे,” बाबा म्हणाले. “त्याच्या खेड्याची गाडी लेट आली होती. मले नंतर समजलं. पण डबल बेल देणाऱ्याले ते कुठं दिसते?”

मी काय बोलणार. इतकी वर्षं ज्याला आम्ही स्वभाव म्हणून हसत होतो, तो हा होता.

असो. शेवटी ठरलं ते असं : गुरुवारी रात्री अकोल्याहून ट्रेन, शुक्रवारी सकाळी सीएसएमटी, एक रात्र फोर्टातल्या साध्या लॉजवर. खर्च साडेचार हजार आणि माझी एक सुट्टी. ट्रेन रद्द झाली असती तरी अख्खा शुक्रवार हातात होता. मी गुरुवारी ऑफिसातूनच मुंबईला निघालो आणि सकाळी त्यांना उतरवून घ्यायला हजर होतो. ट्रेन 40 मिनिटं लेट. कोणाचीच चिडचिड झाली नाही. बफर म्हणजे हेच असावं :-)

खरं सांगू? त्या ट्रिपमधला सगळ्यात छान दिवस तो शुक्रवारच. आई मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर दोन तास बसून होती, काही न बोलता. बाबा मात्र मधेच ‘रस्ता पाहून ठेवतो’ म्हणून बॅलार्ड पिअरचं गेट बघून आले.

शनिवारी भोंगा वाजला, बोट हलली. सगळे समुद्राच्या बाजूच्या कठड्यावर मोबाईल घेऊन. आई मला हाका मारतेय. बाबा एकटेच उलट्या बाजूला, धक्क्याकडे तोंड करून.

“बाबा, समुद्र तिकडे आहे.”

“हो, येतो,” ते म्हणाले. “कोणी पळत येऊन रायलं का, ते पाहतो.”