स्वर बिघडविण्याचा धंदा

आमच्या घरांत गेलें दीड वर्ष एक धंदा चालूं आहे. आणि तो कशाचा, असें पाहुण्यांनीं विचारलें कीं घरांतील निम्मीं माणसें पाणी आणावयास म्हणून आंत निघून जातात. उत्तर देण्याचें काम मग मजकडे येतें. मी सांगतें, “विजेच्या गिटारीसाठीं आमचा पुतण्या एक डबी तयार करतो.” “म्हणजे स्वर बिघडला तर सुधारणारी?” “नव्हे, चांगला असला तर बिघडविणारी.” यावर पाहुणे हंसतात आणि विषय हवापाण्याकडे वळवितात.

परंतु हा विषय हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पुतण्या शिकलेला अभियंता. पुण्याची चार वर्षांची नोकरी सोडून तो कोल्हापुरास परत आला, तेव्हां त्याच्या आईजवळ, म्हणजे माझ्या धाकट्या जावेजवळ, भांडवल म्हणण्याजोगें एकच होतें: माझ्या दिरांच्या पश्चात् मिळालेल्या फंडाची बँकेंतील ठेव. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आम्ही पांढरपेशे लोक तोंडानें म्हणतों. पण मुलगा नोकरी सोडून मध्यमाकडे वळला कीं घरांत सुतकी कळा पसरते. तशी ती आमच्याकडेहि पसरली.

प्रथम ही डबी करते काय, तें सांगितलें पाहिजे. विजेच्या गिटारीची तार हालली म्हणजे तिच्याखालच्या लोहचुंबकाभोंवतीं गुंडाळलेल्या वेटोळ्यांत अगदीं अल्प वीज उत्पन्न होते. ती ट्रान्झिस्टरनें अनेक पटींनीं वाढवितां येते. परंतु डबींत नऊ व्होल्टांची बॅटरी असली तर लाट तेवढ्याच मर्यादेंत वाढूं शकते. त्यापलीकडे वाढूं पाहणाऱ्या लाटेचा माथा सपाट कापला जातो. असा माथा कापला कीं मूळ स्वरांत नसलेले अनेक उपस्वर जन्मास येतात, आणि कानाला स्वर दाट, खरखरीत, लांबवर टिकणारा वाटूं लागतो. पायानें कळ दाबली कीं हा परिणाम सुरू, पुन्हां दाबली कीं बंद.

या परिणामाचा जन्महि एका बिघाडांतूनच झाला. अमेरिकेंत नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स या गायकाचें, १९६१ सालीं प्रसिद्ध झालेलें, एक गाणें मुद्रित होत असतां यंत्रांतील एक भाग नादुरुस्त होऊन वादनाचा आवाज फाटका उमटला. तो टाकून न देतां तसाच ठेवण्यांत आला. लोकांना तो आवडला. तेव्हां ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकानें तोच बिघाड हुकमी घडवून आणणारें मंडल शोधून काढलें, आणि १९६२ सालीं गिब्सन कंपनीनें ‘मेस्ट्रो फझ-टोन’ नांवाची डबी बाजारांत आणली. आरंभीं तिला गिऱ्हाईक बेताचेंच होतें. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स या इंग्रज वादकमंडळीनें एका गाण्यांत ती वापरली, आणि मग दुकानांतील माल पुरेनासा झाला.

हें सारें पुतण्यानें मला सांगितलें तेव्हां मला परकें असें कांहींच वाटलें नाहीं. मी लहानपणीं तंबोऱ्यावर गाणें शिकलें आहें. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती ताणून बसविली तर ती कोरडी बोलते. कारागीर घोडीचा माथा अत्यंत बारकाईनें घासून किंचित् उतरता करतो, म्हणजे हालणारी तार त्याला पुनः पुनः हलकेच शिवून जाते. वर सुताचा एक दोरा सरकवून नेमकी जागा धरली कीं स्वर फुलतो. तारेच्या निर्वेध कंपनांत केलेली ही अडवणूकच. तिला आपण जवारी म्हणतों आणि तिच्यावांचून गाण्याला बसत नाहीं. अमेरिकेच्या डबींतील बिघाड आणि मिरजेच्या घोडीवरील जवारी यांची जात एक नसेल, पण गोत्र एक असावें.

मिरज आमच्यापासून कांहीं दूर नाहीं. तेथील वाद्यांचा धंदाहि कोणा परंपरागत वाद्यकारानें सुरू केला नव्हता. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब या शिकलगारानें, हत्यारांना धार लावण्याचें काम मंदावलेलें पाहून, तंबोरे बनविण्यास आरंभ केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून त्यांना लांकूड जोडणारीं तीं घराणीं पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामावर राहिलीं. आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. पोलादाचा हात भोपळ्यावर वळला, त्याला कोणीं कुळाचार मोडला म्हटलें नाहीं. पुढें बंगळूरचे बांसरीवादक व अभियंते जी. राज नारायण यांनीं विजेवर चालणारा तंबोरा काढला, तेव्हां जुन्या जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. आज तीच पेटी कित्येकांच्या देवघराशेजारीं पहांटे रियाजाला सुरू असते. आतां मुंबईंत ‘ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन’ या नांवानें आदित्य नांदवाना यांनीं तर खुद्द गिटारीच्या डब्यांचाच कारखाना उभा केला आहे.

आणि कोल्हापुराविषयीं काय सांगावें! ज्या गांवांत बाबूराव पेंटर यांनीं विलायतेकडे तोंड न करतां सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडविला, तेथें एक डबी घडणें अशक्य कां असावें? बाबूराव आणि त्यांचे बंधु आनंदराव दोघेहि त्या ध्यासानें पछाडलेले होते. आनंदराव १९१६ सालीं वारले, आणि १९१८ च्या सुमारास दामल्यांना हाताशीं घेऊन बाबूरावांनीं कॅमेरा पुरा केला. १९२० सालीं त्यांतून ‘सैरंध्री’ बाहेर पडली. या उद्योगाला पैसा पुरविणारी व्यक्ति कोणी सावकार नव्हती, तर तानीबाई कागलकर ही गायिका होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण आमच्याहि घरांत भांडवलाचा प्रश्न एका स्त्रीच्याच पदराशीं येऊन थांबला होता.

पुतण्यानें माडीवरच्या खोलींत डाख देण्याची इस्त्री मांडली. शिवाजी उद्यमनगरांत ओतकाम करणारे पुष्कळ. ॲल्युमिनियमची डबी तेथें ओतून, भोंकें पाडून, रंगवून मिळाली. आंतील मालानें मात्र छळलें. जुन्या धाटणीचा मऊ आवाज जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांत मिळतो म्हणून त्यानें ते मिळविले. परंतु या धातूचा एक दोष असा कीं सुमारें दहा अंश उष्णता वाढली तरी आंतील विजेची गळती जवळजवळ दुप्पट होते. वैशाखांत सकाळीं सहाला सुरेल बोलणारी डबी दुपारीं तीनला घसा बसल्यासारखी घोगरी होई. “काकू, तुमचा तंबोरा पावसाळ्यांत उतरतो ना, तसें हें उन्हाळ्यांत उतरतें,” तो म्हणाला. शेवटीं त्यानें सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर घेऊन सारें मंडल नव्यानें आंखलें. तेवढ्यांत एका व्यापाऱ्यानें नामांकित म्हणून दिलेले दोनशें नग बनावट निघाले. तेव्हांपासून प्रत्येक नग मीटरवर मोजल्याशिवाय तो डाखास घेत नाहीं.

अशा वेळीं घरची बैठक भरली. ह्यांचें मत स्पष्ट होतें: ठेवीला हात लावूं नये. सासूबाई म्हणाल्या, “मुलाच्या हातांत कसब आहे, त्याला मागें ओढूं नका.” माझी जाऊ बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, “वहिनी, पैसे बुडतील याचें मला एवढें भय वाटत नाहीं. पैसे बुडाले आणि तो तोंड चुकवूं लागला, तर मी दोन्ही गमावीन.” या वाक्यानंतर कोणाला वाद घालण्याची इच्छा उरली नाहीं.

ठरलें तें असें. मूळ ठेव मोडावयाची नाहीं. दोन वर्षांचें व्याज मात्र त्यानें उसनें म्हणून घ्यावें. हिशेबाची वही मी ठेवावी, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती आईसमोर उघडावी, नफा असो वा तोटा. दोन वर्षांच्या अखेरीस वही जें सांगेल तें सर्वांनीं मानावें.

वही उघडतांच पहिला वाद झाला तो मजुरीवरून. त्याच्या मतें एका डबीचा माल तेवीसशें रुपयांचा, विक्री साडेसहा हजारांची, म्हणजे बेचाळीसशें नफा. मीं विचारलें, “तुझे पांच तास कोणी दिले? परत आलेली डबी दुरुस्त करून धाडण्याचें टपाल कोणी भरलें?” तो म्हणाला, “तें माझें घरचेंच कीं.” घरच्या माणसांचे श्रम फुकट धरण्याची ही संवय एकत्र कुटुंबांत आम्हां बायकांच्या चांगल्या परिचयाची आहे, म्हणून मीं मजुरीचा रकाना आंखला, आणि त्यांत रोजच्या तासांची नोंद सक्तीची केली. पहिल्या पंचवीस डब्यांपैकीं बावीस पांच महिन्यांत खपल्या. तीन गुणगुणतात म्हणून परत आल्या. मजुरी धरतां पहिल्या खेपेस तोटा, दुसरीस हातातोंडाची गांठ. तिसऱ्या खेपेस त्याची मजुरी पुण्याच्या पगाराच्या निम्म्यावर येऊन पोंचली आहे.

निम्मा पगार म्हणजे यश कीं अपयश, हें मी आज सांगूं शकत नाहीं. मुदतीला सहा महिने उरले आहेत, आणि कदाचित् त्याला पुन्हां नोकरी पत्करावी लागेल. परंतु ज्या घरीं असा मुलगा असेल त्या घरच्या वडीलधाऱ्यांना एवढें सुचवावेंसें वाटतें कीं, त्याचा धंदा आपल्या कानाला रुचतो कीं नाहीं हा प्रश्न मागाहूनचा आहे. आईची ठेव सुरक्षित आहे ना, वहींत खोटें लिहिलें जात नाहीं ना, आणि परत आलेला माल तो स्वतः उघडून दुरुस्त करतो ना, हे तीन प्रश्न आधीं विचारावे. आमच्या घरीं तिन्हींचें उत्तर आजवर होय असें आलें आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं तो आपण होऊन वही घेऊन आईसमोर बसतो, आणि तोट्याचा आंकडा स्वतः मोठ्यानें वाचतो.