डाग

रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीतून वाट काढत आम्ही तिघी टी. नगरच्या उस्मान रोडवर आलो: भाची, ताई आणि मी. आम्ही मराठी ख्रिस्ती; भाचीचा होणारा नवरा चेन्नईचा, तमिळ ख्रिस्ती. त्यांच्याकडे मंगळसूत्राच्या जागी ताली, आणि तिच्या पदकावर क्रूस. दुकानातला माणूस मखमलीवर एकेक ताली मांडू लागला, तशी ताई मागच्या खुर्चीत जाऊन बसली. "तूच निवड," मला म्हणाली, "माझा हात नको लागायला."

आपल्याकडे दागिन्यालाही डाग म्हणतात. ताईच्या वाट्याला दुसराच डाग आला. नवऱ्याची मारहाण सोसवेना, तेव्हा ती तान्ह्या मुलीला घेऊन अहमदनगरला माहेरी आली. 1869 च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे होतं. बायकोला नुसता छळ पुरत नसे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने ही विषमता घटनाविरोधी ठरवली, 2001 साली कायदाच बदलला. ताई कागदावर सुटली. उपासनेला मात्र ती आजही शेवटच्या बाकावर बसते. देवाने जोडलेलं तोडायचं नसतं, हे तिला किती जणांनी ऐकवलं!

मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो एकोणिसावा अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्या काळी सूटपत्र पुरुषाच्या हाती असे. स्वयंपाक करपला, एवढं कारणही हिल्लेल या यहुदी गुरूच्या पंथाला चालत असे. परुशी सुटकेची वाट विचारतात आणि येशू त्यांना आरंभाकडे नेतो, जिथे दोघं एकदेह आहेत. मोशेने परवानगी दिली ती तुमच्या मनाच्या कठीणपणामुळे, असं तो त्या पुरुषांना सांगतो. देवाने जोडलेलं तोडू नये, हे वचन मला टाकलेल्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर वाटतं. त्याचाच धोंडा करून तिच्यावर कसा टाकावा?

जोडलेलं जपावं, हे मीही मानते. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलं, तर लग्न मोडून घेण्याची सोय 1866 च्या कायद्याने केलेली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. काही वर्षांनी संसार पुन्हा उभा राहिला. 1900 साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पण तिथे ताटातुटीतही दोन्हीकडे माया होती. जिथे ती एकाच बाजूला उरते, तिथे काय? विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून गेला, तर मागे राहिलेलं माणूस बांधलेलं नाही, असं पौल करिंथकरांना लिहितो. मारणारा घरातच राहतो. पण मनाने तो केव्हाच निघून गेलेला असतो, असं मला वाटतं.

भाचीने दोन ताल्या उचलल्या आणि आईच्या मांडीवर ठेवल्या. "तू निवडशील तीच घालीन."

ताईने चष्मा लावला. दोन्ही क्रुसांच्या कडांवरून सावकाश बोट फिरवलं. "ही घे," म्हणाली. "ही टोचायची नाही."