ढब्बूच्या वस्तू

आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला, ढब्बूला, पार्व्हो झाला होता. रस्त्यावरून उचलून आणला तेव्हाच विषाणू त्याच्या अंगात असणार, असं डॉक्टर म्हणाले. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला ३ ते ७ दिवस जातात. उलट्या, रक्ताची हगवण, सलाईन. त्याविषयी मला जास्त लिहिवत नाही. लिहायचं आहे ते त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंविषयी.

गॅलरीच्या कोपऱ्यात त्याचा सगळा संसार होता. खोका, त्यात गोधडी, स्टीलची वाटी, घुंगरू लावलेला पट्टा, जुन्या ओढणीच्या गाठी मारून मुलीनं केलेलं खेळणं. माणूस गेलं की त्याचे कपडे, अंथरूण कुणाला द्यायचं याची आपल्याकडे रीत आहे. जनावराच्या मागे काय करायचं, हे कुणी ठरवून दिलेलं नाही. सासूबाईंनी मग माणसाचीच रीत लावली. "पार्किंगमधल्या पिल्लांना दे गं. पावसात कुडकुडताहेत बिचारी." मला ते पटलं. त्याचं अंथरूण दुसऱ्या जिवाच्या कामी येईल, या विचारानं जरा हलकंही वाटलं.

डॉक्टरांना सहज फोनवर सांगितलं, तर ते जवळजवळ ओरडलेच. पार्व्होचा विषाणू चिवट असतो. साबण, फिनाईल, सॅनिटायझर यांना तो दाद देत नाही. सावलीतल्या मातीत, कापडात महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. ती गोधडी खाली नेली असती तर ऊब देता देता मी त्या पिल्लांना मरण नेऊन दिलं असतं.

गोधडीवरून घरात बराच वेळ गेला. ती सासूबाईंच्या आईच्या नऊवारीची होती. धुऊन, ब्लीच करून ठेवता येणार नाही का, असं त्यांनी दोनदा विचारलं. पण गोधडीला थर असतात. आतल्या चिंध्यांपर्यंत औषध पोचेल याची खात्री कोण देणार? "मग जाऊ दे," त्या म्हणाल्या. पण हात लावायच्या आधी गोधडीच्या कडेचे टाके त्यांनी डोळे भरून बघितले. ते त्यांच्या आईच्या हातचे होते. मला वाटतं, त्या घटकेला त्या दोघांनाही निरोप देत होत्या.

खोका, गोधडी, खेळणं, पट्टा असं सगळं दोन पिशव्यांत घट्ट बांधलं. कचराकुंडीपाशी ठेवलं असतं तर भटक्या कुत्र्यांनी फाडलं असतं, म्हणून सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हाती दिलं आणि आत काय आहे ते सांगितलं. हा रोग माणसाला होत नाही, तरीही न सांगता देणं मला बरं वाटेना. त्यांनी पिशवी वेगळी धरली. "माझ्याकडेपण होता एक," एवढंच बोलल्या.

वाटी मात्र राहिली. आधी घासून घेतली, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून त्यात दहा मिनिटं बुडवली, खळखळून धुतली. गॅलरीची फरशीही तशीच पुसली. मुलीला दुसरं पिल्लू हवं होतं. सगळ्या लसी पूर्ण झालेलं कुत्रं मिळेल तेव्हाच घरात आणायचं, असं आम्ही तिला समजावलं. ती ऐकून गप्प बसली, मग म्हणाली, "पण खालच्या पिल्लांना तरी लस देऊ या ना!"

देण्याची इच्छा होतीच, तिला ही जागा सापडली. ढब्बूच्या खाण्यासाठी बाजूला काढलेले पैसे त्यात घातले. पिल्लं सहा आठवड्यांची झाल्यावर डॉक्टर पार्किंगमध्ये येऊन पहिली सुई टोचून गेले. आमच्या अंगाखांद्यावर काही राहिलेलं नको, म्हणून मी आणि मुलगी लांबच उभ्या राहिलो. वॉचमनदादांनी एकेक पिल्लू धरलं. तपकिरी पिल्लू काही केल्या हाती लागेना. स्कूटरखाली शिरलं, तिथून जिन्याखाली, आणि डॉक्टरांची निघायची वेळ झाली तेव्हा कुठे सापडलं.