घराला कुलूप, परड्यात रान

सातारा जिल्ह्यात पाऊस किती पडतो, या प्रश्नाला एक उत्तर नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशे झाला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात. तेव्हा घरामागचे परडे माजायचे तेही जागोजाग वेगळे. गौरी-गणपती आटोपल्यावर आम्ही मेढ्याहून निघून सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी असे एस.टी.ने म्हसवडपर्यंत गेलो. वाटेत उतरत, मुक्काम करत, लोकांच्या परड्यांतून हिंडत. निसर्गशोभा पाहायची असेल त्यांनी कास पठारावर जावे. भाद्रपदात ते फुललेले असते. आम्ही मात्र घरामागे जे नको ते फुलते, त्याचे लोक काय करतात हे पाहायला गेलो होतो.

मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, दहा-बारा घरांच्या एका वाडीत गेलो. निम्म्या घरांना कुलपे. जावळी आणि पाटण या तालुक्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत. गिरण्या होत्या तोवर गिरणीत, नाही तर गोदीत नि बाजारात माथाडी म्हणून. १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या लढ्यामुळे झाला ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. मुंबईची मंडळी गणपतीला येतात, पुढचे अंगण झाडून शेणाने सारवतात, पाच दिवस राहतात आणि गाडी धरतात. मागच्या परड्याकडे बघायला कुणाला सवड नसते. तिथे कमरेएवढे रान.

अशा दोन कुलूपबंद घरांच्या मधल्या घरात एक आजी एकटीच राहतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. आम्ही विषय काढला तशा म्हणाल्या, "आवं, माझं परडं मी बगते. पर ह्या दोनी बाजूंचं काय करू? रातीला भाईर जायाचं म्हंजी काठी आपटत जावं लागतंय. गेल्या साली न्हाणीच्या दगडाखाली घोणस निगाली."

बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. रानात उंदीर वाढतात आणि उंदरांमागे साप घरापर्यंत येतो. चावलाच तर चावलेला भाग हलू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. चिरा देणे, दोरी आवळणे, मांत्रिक शोधणे यात वेळ जातो आणि माणूसही.

आजींनी केलेले मात्र शिकण्यासारखे आहे. सगळे रान काढायच्या फंदात त्या पडल्या नाहीत. घराच्या भिंतीलगत दोन हात रुंद पट्टा आणि न्हाणीपर्यंतची पायवाट, एवढेच त्या खुरप्याने उघडे ठेवतात. दर चार-आठ दिवसांनी, सकाळी उन्हे चढायच्या आत, जमेल तेवढे. बाकीच्याला त्यांनी दुसरी वाट काढली. वाडीतल्या एका म्हशीवाल्याला सांगितले, गवत कापून ने, पैसे मागू नकोस, देऊ नकोस. शेजारच्या घरांच्या मालकांना नातवाकडून मुंबईला फोन लावून विचारले. ते कशाला नाही म्हणतील? वैरण म्हशीला गेली, जागा साफ झाली आणि कुणाचा रुपया गेला नाही. मालकाला विचारून घेणे मात्र सोडू नये. न विचारता कापलेल्या पेंढीवरून भाऊबंदकी पेटलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

एका कोपऱ्यात घाणेरी होती. काही जण तिला टणटणी म्हणतात. ती म्हशीच्या भाऱ्यात जाऊ देऊ नये. जनावराने ती खाल्ली तर कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. नुसती तोडली तर दुप्पट फुटते. भुई ओली आहे तोवर मुळासकट उपटावी आणि वाळवून चुलीला लावावी.

साताऱ्याहून कोरेगावकडे गाडी निघाली की रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या फुलांचे एकच गवत दिसते. गाजरगवत, काँग्रेस, चटकचांदणी, नावे कितीही घ्या. १९५५-५६ च्या सुमारास ते आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात आढळले आणि पन्नास वर्षांच्या आत देशभर झाले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सांगतात. एका झाडाला हजारोंनी बी धरते; म्हणून फुलल्यावर उपटले तर आपण ते पेरतोच. माणसाच्या अंगाला खाज सुटते, काहींना धाप लागते. जनावराच्या तोंडी गेले तर दूध कडवट होते.

यावरचा स्वस्त उपाय एवढाच, की पाऊस पडून गेल्यावर, भुई मऊ असताना, फूल यायच्या आधी ते उपटावे. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. ज्यांना दमा किंवा खरूज आहे त्यांनी या कामाला हात लावू नये. न फुललेले गवत खड्ड्यात थर देऊन, शेणकाला शिंपडून, वर माती लिंपून ठेवले तर चार-पाच महिन्यांत खत होते. फुललेले खड्ड्यात टाकले तर बी खताबरोबर शेतात जाते. जाणती मंडळी मिठाचे पाणी फवारायला सांगतात. माळावर ठीक असेल. परड्यात ते करू नये, जमीन बिघडते आणि शेवग्याचे झाडही जाते. तणनाशकाचेही तसेच. जिथे कोंबड्या चरतात आणि पोरे रांगतात तिथे ते नकोच.

कोरेगावजवळच्या एका वस्तीवर गाजरगवताच्या पानांची चाळण झालेली दिसली. पानांवर मळकट पांढऱ्या रंगाचे, पाठीवर तपकिरी रेघा असलेले बारीक भुंगेरे होते. हे मेक्सिकोतले. आपल्या शास्त्रज्ञांनी ते बंगळूरला आणून, तपासून, १९८४ च्या सुमारास सोडले. ते पावसाळ्यात खातात आणि पुढे जमिनीत दडून बसतात. एका ठिकाणचे भुंगेरे भोके पाडलेल्या बाटलीत धरून आपल्या परड्यातल्या गवतावर सोडता येतात. पण त्यांच्या भरवशावर हात बांधून बसू नये. एका साली खातात, एका साली दिसतही नाहीत.

त्याच वस्तीवरच्या एका वहिनींचे परडे आमच्या फार मनात भरले. हा उसाचा भाग. तोडणी झाली की पाचट शेतातच पेटवायची बहुतेकांची रीत. वहिनींनी दोन बैलगाड्या पाचट परड्यात आणून वैशाखात वीतभर जाड पसरले होते. मध्ये मध्ये आळी करून भोपळा, दोडका आणि एका बाजूला रताळ्याचे वेल. पाऊस लागला तसे वेल पाचटावर पसरले. खाली उजेडच नाही, तर तण उगवायचे कशाने? हराळीसुद्धा दमली होती. गणपतीला वाहायची दूर्वा ती हीच. उन्हात तिच्या मागे लागून खुरपे झिजते, पण दाट सावलीत तिचे चालत नाही. न्हाणीचे पाणी जाते तिथे अळू आणि हळद लावली होती.

"वहिनी, खुरपायला बाई किती दिवस लावली?" आम्ही विचारले.

"एकबी दिस न्हाई, भाऊजी. पैल्या पावसात दोनदा म्याच हिंडले. मग भोपळ्यानंच राखण केली."

आम्ही एक सांगून आलो. पाचट भिंतीला भिडवू नये, दोन हात जागा मोकळी ठेवावी. नाही तर त्यात उंदीर घर करतो आणि पुढे कोण येते ते वर आलेच आहे. लव्हाळ्यावर मात्र हा उपाय पुरता लागू पडत नाही. त्याच्या गाठी खाली राहतात, आणि त्या उन्हाळ्यात कुदळीने वर काढून उन्हात वाळवल्याशिवाय सुटका नाही.

पुसेगाव मागे टाकले की झाडे विरळ होतात आणि माती उजाडते. माणात परडे माजते ते दोन-तीन महिनेच. एकदा पाऊस थांबला की कुसळे वाळतात, सराट्याचे काटे पायात मोडतात, आणि मग कुणी तरी काडी ओढतो. तो सोपेपणा महाग पडतो. वाऱ्याच्या एका झोताने शेजाऱ्याची कडब्याची गंज जाते. लिंबाची आंब्याची मुळे भाजतात ती वेगळीच.

इकडे खरा उपाय दारावरून चालत जातो. हा मेंढपाळांचा मुलूख. शेतात मेंढरे बसवायची चाल जुनीच आहे. लेंडीखतासाठी शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देतो. दिवाळीच्या आगेमागे कळप पश्चिमेकडे निघतात; तोवर ते गावाशेजारीच असतात. परड्याला एक संध्याकाळ पुरते. मेंढरे खालचे खातात, शेरडे कुंपणावरचे ओरबाडतात. मात्र त्याआधी मालकाने गाजरगवत आणि घाणेरी स्वतः काढावी, नव्या रोपांना काटे लावावेत आणि फवारणी झाली असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

म्हसवडच्या अलीकडे एका गावात निवृत्त गुरुजी भेटले. त्यांच्या शेजारचे घर सात वर्षे बंद, मालक पुण्याला. गुरुजींनी त्यांची फोनवर परवानगी घेतली आणि वाटेने जाणाऱ्या मेंढपाळाला हाक मारली.

"पाव्हणं, दोन परडी हायती. काय घ्याल?"

मेंढपाळाने कुंपणावरून वाकून पाहिले. रान चांगले होते. "गुर्जी, आमीच काय तरी द्यायला पायजे," तो म्हणाला, आणि मग सावरून घेत, "पर पोरांस्नी च्या-साखर तेवडी द्या."

दिवस मावळायच्या आत सत्तर-ऐंशी मेंढरे आत होती. गुरुजी चहाचे आधण ठेवायला घरात गेले.